सात कागद, पाच नावे : रुग्णाची ओळख जुळवण्याचा इतिहास

दिंडोरी म्हटले की इतिहासाच्या वाचकाला ऑक्टोबर १६७० आठवतो. सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या फौजेची दाऊदखान कुरेशीच्या मोगली सैन्याशी गाठ पडली ती याच वणी-दिंडोरीच्या परिसरात. त्या लढाईवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मीही कधीतरी लिहीन. आजचा धागा मात्र याच तालुक्यातील एका वेगळ्या दप्तराविषयी आहे. ते दप्तर औषधाच्या दुकानातून मिळालेल्या कॅरीबॅगेत असते आणि ती कॅरीबॅग आमच्या घरी कोठीजवळच्या खिळ्याला टांगलेली असते.

त्या पिशवीत माझ्या आजीचे आजारपण आहे. गेल्या दिवाळीत सुट्टीला आले असता, अभिलेखागारात बसून लागलेल्या सवयीने मी ते कागद तारखेप्रमाणे लावायला घेतले. सात केसपेपर होते आणि त्यांवर पाच नावे होती. एकावर भागीरथी आणि पुढे तिच्या वडिलांचे नाव, कारण ती तेव्हा भावाकडे गेली असता आजारी पडली होती. एकावर भागूबाई आणि आजोबांचे नाव. एकावर भागाबाई. एकावर नुसते 'सौ.' आणि पुढे आजोबांचे संपूर्ण नाव, म्हणजे रुग्ण कोण हे कागदाला ठाऊकच नाही. शेवटचा संगणकाने छापलेला इंग्रजी कागद. त्यावरचे नाव मोठ्याने वाचले तर 'भगिर्ती' असे काहीसे ऐकू येते. वयाची तऱ्हा त्याहून न्यारी. २०१६ च्या कागदावर ती सत्तर वर्षांची आहे आणि २०१९ च्या कागदावर बासष्ट.

हसण्यासारखे आहे, पण घरात कोणी हसत नाही. 'भागाबाई'च्या कागदावर एका डॉक्टरांनी लाल शाईने लिहिले होते की अमुक गटाचे इंजेक्शन या बाईंना चालत नाही. काही वर्षांनी नाशिकच्या एका रुग्णालयात ती 'नवीन रुग्ण' म्हणून वेगळ्या नावाने नोंदली गेली. पिशवी घरी राहिली होती. त्याच गटाचे इंजेक्शन पुन्हा दिले गेले. चेहरा सुजला, घसा आवळत आला, आणि पुढचे दोन दिवस आम्ही सगळे अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर होतो. ती वाचली.

लाल शाईतली ओळ अस्तित्वात होती. ज्या माणसासाठी ती लिहिली होती, तो माणूसही समोर होता. दोघांची गाठ घालणारे मात्र तेथे काही नव्हते.

दोन कागद एकाच माणसाचे आहेत की दोन वेगळ्या माणसांचे, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवा नाही. एका पत्रातला 'रामजी पाटील' आणि दुसऱ्या हिशेबातला 'रामजी बिन अमुक' हे एकच का, यावर आम्ही सेमिनारात तासतास घालवतो. फ्रान्समध्ये लुई आंरी यांनी १९५० च्या दशकात चर्चच्या नोंदवह्यांमधून बाप्तिस्मा, विवाह आणि दफन अशा सुट्या नोंदी जुळवून कुटुंबेच्या कुटुंबे पुन्हा उभी केली. इंग्लंडमध्ये ई. ए. रिग्ली यांनी तीच पद्धत कोलिटन नावाच्या गावाला लावली. शेकडो वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या बायका कितव्या वर्षी लग्न करत आणि त्यांना किती मुले होत, हे त्यातून कळले. पुढे रिग्ली यांनी १९७३ मध्ये एक ग्रंथ संपादित केला, तो संपूर्णपणे भूतकाळातील माणसे ओळखावी कशी या एकाच प्रश्नाला वाहिलेला आहे.

या प्रश्नाला नाव मिळाले ते १९४६ मध्ये. अमेरिकेच्या जन्ममृत्यू-सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख हॅल्बर्ट डन यांनी एका छोट्या लेखात अशी कल्पना मांडली की प्रत्येक माणूस जन्माच्या नोंदीपासून मृत्यूच्या नोंदीपर्यंत आपल्या आयुष्याचा एक ग्रंथ लिहीत असतो. अडचण इतकीच, की त्याची पाने निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेली असतात. ती पाने गोळा करून बांधणी करणे, याला त्यांनी 'रेकॉर्ड लिंकेज' म्हटले. आपण नोंद-जुळणी म्हणू.

हे काम यंत्राकडून करून घेता येते हे दाखवले कॅनडाच्या हॉवर्ड न्यूकोम यांनी. ते चॉक रिव्हर येथील अणुसंशोधन केंद्रात आनुवंशशास्त्रज्ञ होते. किरणोत्साराचा पुढच्या पिढ्यांवर काय परिणाम होतो हे जाणायचे तर आईबाप आणि मुले यांच्या नोंदी एकमेकींना जोडल्या पाहिजेत, आणि त्या तर लाखोंनी होत्या. १९५९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील विवाह व जन्म यांच्या नोंदी संगणकाने जुळवून दाखवल्या. त्यामागची कल्पना आपल्या गावातली कोणतीही म्हातारी सांगेल अशी आहे : दुर्मीळ गोष्ट जुळली तर ती जास्त बोलते, सर्रास आढळणारी जुळली तर कमी. इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी १९६९ मध्ये या कल्पनेला गणिताचा पाया दिला.

ते गणित आपल्या तालुक्याच्या उदाहरणाने करून पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, दोन कागद खरोखरच एका माणसाचे असतील तर त्यांवरचे आडनाव शंभरात नव्वद वेळा जुळते. उरलेल्या दहा वेळा लेखनिकाची चूक. आता पवार किंवा गायकवाड यांसारखे आडनाव वीस माणसांत एकाचे असेल, तर दोन परक्या माणसांतही ते शंभरात पाच वेळा योगायोगाने जुळेल. नव्वद भागिले पाच, म्हणजे हा पुरावा अठरा पट. याउलट एखादे आडनाव दोन हजारांत एकाचेच असेल, तर तीच जुळणी अठराशे पट ठरते. नाव, गाव, वय अशा प्रत्येक रकान्याचे असे वजन काढायचे आणि त्यांचा गुणाकार करायचा. गुणाकार फार मोठा आला तर कागद एकाचे, फार लहान आला तर वेगळ्यांचे. मधल्या पट्ट्यात पडला तर तो माणसाने डोळ्यांनी पाहायचा. हा मधला पट्टा यंत्राने स्वतःहून माणसाकडे सोपवावा, हा त्या १९६९ च्या लेखाचा मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा भाग आहे.

आता जन्मतारीख घ्या. वरवर पाहता ती उत्तम खूण आहे; वर्षात ३६५ दिवस असल्यामुळे दिवस आणि महिना जुळणे हा सुमारे तीनशे तीस पट पुरावा. पण आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी कितीजणांना १ जून ही जन्मतारीख बहाल केली आहे! एखाद्या गावात पाचांतील एकजण १ जूनला 'जन्मलेला' असेल, तर त्या तारखेचे वजन साडेचार पटींवर घसरते. पत्त्याचेही तसेच. या गणिताचे गृहीत असे की प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे बोलतो. परंतु भावकीच्या गावात आडनाव कळले की आळी कळतेच. तेथे पत्ता जुळला म्हणून आनंद मानणे म्हणजे एकाच साक्षीदाराची साक्ष दोनदा मोजणे होय.

आणि स्त्रियांचे काय? डन यांच्या ग्रंथात पुरुषाच्या प्रत्येक पानावर एकच नाव असते. आपल्याकडे लग्नानंतर मधले नाव बदलते, आडनाव बदलते, काही घरांत तर पाळण्यातले नावही बदलते. भर म्हणून, पहिले बाळंतपण माहेरी! गरोदरपणाची नोंद सासरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, नवऱ्याच्या नावासह. लोहाच्या गोळ्या आणि लसी तेथेच. सातव्या-आठव्या महिन्यात ती माहेरी येते आणि प्रसूती होते ती दुसऱ्याच तालुक्यात, कधी दुसऱ्याच जिल्ह्यात, आणि दवाखान्यात सोबतच्या आईने सांगितलेल्या नावाने. एका कागदावर अर्धवट राहिलेले गरोदरपण, दुसऱ्यावर अचानक उगवलेली बाळंतीण. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असेल तर निभावते. नसेल तर दोन्हीकडच्या आशाताईंच्या आठवणीवर सारी भिस्त.

नावाच्या लेखनाचा घोळ आणखी वेगळा. इंग्रजी आडनावे उच्चारावरून जुळवण्यासाठी रॉबर्ट रसेल या अमेरिकन गृहस्थांनी १९१८ मध्ये एक युक्ती पेटंट करून घेतली; तिला साउंडेक्स म्हणतात. पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवायचे, पुढचे स्वर गाळायचे, आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. न्यूकोम यांनीही हीच युक्ती वापरली होती. मी ती मराठी आडनावांवर लावून पाहिली. गायकवाड हे आडनाव आजच्या नेहमीच्या रोमन लेखनांत एकाच संकेताखाली येते, शाब्बास. पण 'वाघ' कोणी 'डब्ल्यू'ने लिहिले आणि कोणी 'व्ही'ने, तर साउंडेक्सच्या लेखी ही दोन वेगळी घराणी, कारण पहिले अक्षर अढळ! मराठी माणसाला जो फरक ऐकूही येत नाही, त्यावर यंत्र अडून बसते.

येथे मोडीची आठवण होते. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही. देवनागरीत 'भागुबाई' आणि 'भागूबाई' ही संगणकाला दोन नावे. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला एकच. ज्याला आपण मोडीचा ढिसाळपणा म्हणतो, तो नावे जुळवण्याच्या दृष्टीने सोयीचाच होता. (मोडी शिकताना मीच या ढिसाळपणाला सर्वाधिक नावे ठेवली आहेत, हे कबूल.)

मोडी आणि आरोग्य यांचा संबंध दूरचा वाटेल, पण तसे नाही. गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यांतील जुनी पाने मोडीतच आहेत. मेलेल्याचे नाव, बापाचे नाव, जात आणि कारण : देवी, पटकी, ताप. मुंबई इलाख्याच्या आरोग्य अहवालांत याच पानांची बेरीज होऊन पटकीने इतके दगावले, देवीने तितके, असे तक्ते छापले जात. बेरजेत माणूस हरवतो. मूळ पानावर तो असतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हीच पाने पुन्हा उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. पणजोबांची नोंद आणि आजचा शाळेचा दाखला यांची वंशावळीने सांगड घालणे, हीसुद्धा नोंद-जुळणीच.

त्याहून जुना नमुना पाहायचा असेल तर दिंडोरीहून फार लांब जावे लागत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. तेथे गेलात तर ते आधी तुमचे नाव विचारत नाहीत. गाव कोणते, मग आडनाव काय. तेवढ्यावर नेमकी वही निघते आणि तुमच्या खापरपणजोबांची नोंद समोर येते. संगणकशास्त्र हेच करते. प्रत्येक कागद प्रत्येक कागदाशी ताडून पाहायचा तर एक लाख कागदांच्या जवळजवळ पाचशे कोटी जोड्या होतात. म्हणून आधी गठ्ठे पाडायचे आणि गठ्ठ्याच्या आतच तुलना करायची. फरक असा की उपाध्ये नव्या पिढीची नोंद यजमानाच्या तोंडून, त्याच्या देखत करतात. जुळणी चुकली तर समोरचा माणूस तेथल्या तेथे सांगतो.

महाराष्ट्रात वैद्यकीय नोंदींची शिस्तशीर जुळणी सुरू झाली ती कर्करोगामुळे. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबई कर्करोग नोंदणी केंद्र स्थापले; लोकसंख्येवर आधारलेले हे भारतातील पहिले केंद्र. मुंबईत वर्षाला किती नवे कर्करोगी निघतात, एवढाच प्रश्न. पण एकच रुग्ण आधी पालिकेच्या रुग्णालयात जातो, तेथून परळला टाटाला, मधेच एखाद्या खासगी प्रयोगशाळेत गाठीचा तुकडा तपासला जातो, आणि शेवटी महापालिकेच्या मृत्युनोंदीत त्याचे नाव येते. चार ठिकाणी चार रुग्ण मोजले तर मुंबईत कर्करोगाची साथ आल्यासारखे दिसेल. म्हणून केंद्राचे कर्मचारी रुग्णालयांत स्वतः जाऊन नोंदी उतरवत, आणि मृत्यूच्या दाखल्यांशी त्या ताडून पाहत. दुसरी अडचण बाहेरगावच्या रुग्णांची. मुंबईत किमान वर्षभर राहिलेलाच मुंबईकर धरायचा, असा दंडक होता. पण उपचाराला आलेला माणूस पत्ता देतो तो पुतण्याच्या चाळीतल्या खोलीचा. आमच्याही घरातले कोणी परळला गेले तर हेच करील.

१९८७ मध्ये बार्शी येथे देशातील पहिले ग्रामीण कर्करोग नोंदणी केंद्र सुरू झाले. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे. येथे रुग्णालयात बसून चालणार नव्हते, कारण कित्येक रुग्ण रुग्णालयाचे तोंडही न पाहता घरीच संपत. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. कोणाच्या तोंडात बरी न होणारी जखम आहे, कोणत्या बाईला अंगावरून जाते, हे गावकऱ्यांशी बोलून शोधू लागले, आणि संशयित रुग्णांना तपासणीपर्यंत आणू लागले. बार्शीचे महत्त्व मला यासाठी वाटते की तेथे कागदाच्या आधी माणूस सापडत असे. कार्यकर्त्याला ते घर ठाऊक असते, त्यामुळे 'भागूबाई' आणि 'भागाबाई' एकच की दोन, यासाठी कोणतेही वजन काढावे लागत नाही.

युरोपातील काही देशांनी हा प्रश्न मुळातच वेगळ्या वाटेने सोडवला. स्वीडनने १९४७ मध्ये आणि डेन्मार्कने १९६८ मध्ये प्रत्येक रहिवाशाला कायमचा क्रमांक दिला. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड परिसरात डोनल्ड ॲचिसन यांनी १९६२ पासून रुग्णालयातून घरी गेलेल्यांच्या नोंदी मृत्यूच्या नोंदींशी जोडल्या. तोवर रुग्णालयाच्या दृष्टीने 'घरी सोडले' म्हणजे बरा झाला. तो पुढच्याच महिन्यात घरी दगावला तर ते रुग्णालयाला कळण्याची सोय नव्हती.

आपल्याकडे २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले आणि चौदा अंकी 'आभा' क्रमांक आला. मी त्याच्या विरोधात नाही. माझ्या आजीच्या लाल शाईची ओळ त्या क्रमांकाला बांधलेली असती तर तो बाक आमच्या वाट्याला आला नसता. पण क्रमांक पुढच्या कागदांना बांधतो. मागचे सात कागद त्याला आपोआप चिकटत नाहीत. त्यांच्यासाठी न्यूकोम यांचे जुनेच कष्ट उरतात. शिवाय दिंडोरीच्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याकडची आणि डांगमधली कुटुंबे ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून खुडणीपर्यंत मुक्कामाला असतात. क्षयाचे औषध पेठला सुरू झालेले, खोकला दिंडोरीत वाढलेला, घरात फोन एकच आणि तो मुकादमाबरोबर दुसऱ्या बागेत गेलेल्या मुलाकडे. ओटीपी तेथे वाजतो. क्षयरोग्यांची नोंद २०१२ पासून 'निक्षय' या संगणकीय प्रणालीत होते आणि २०१८ पासून पोषणासाठी थेट बँक खात्यात पैसे येतात. त्यामुळे येथे नाव न जुळणे हा केवळ सांख्यिकीचा दोष राहत नाही, त्या महिन्याच्या अंड्या-डाळीचा प्रश्न होतो.

उलट बाजूची चूकही आहे, आणि तिच्याविषयी कमी बोलले जाते. दोन माणसांचे कागद चुकून एक केले तर? एकाच वाडीत एकाच नावाच्या दोन जावा असू शकतात. एकीचा रक्तगट दुसरीच्या नावे पडला, तर न जुळलेल्या कागदापेक्षा जुळलेला कागद अधिक घातक. कोरा कागद डॉक्टरला सावध तरी करतो.

तिसरी गोष्ट, जोडलेला ग्रंथ वाचणार कोण. जुलै २०२३ मध्ये देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. आदिवासी भागात तपासणी करून कार्डे दिली जातात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक, म्हणून हा निकाल जन्मभर आणि कुटुंबभर जोडलेला राहणे गरजेचे आहे. पण सोयरीक जुळवताना तेच कार्ड मुलीच्या हातात प्रथम मागितले जाईल आणि मुलाच्या हातात नंतर, किंवा मागितले जाणारच नाही, हे सांगायला संशोधनाची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क गावच्या पारावर कसा टिकतो, हे पाहायचे आहे.

धागा लांबला. दिवाळीनंतर मी एक शंभरपानी वही आणली. पहिल्या पानावर आजीची पाचही नावे लिहिली, खाली लाल शाईने इंजेक्शनची ओळ, आणि पुढे सातही केसपेपरांची तारीखवार नक्कल. वय मात्र कोरे सोडले. तिच्या थोरल्या भावाला ते ठाऊक होते, आणि तो आता नाही. ही वही पिशवीत गेली आणि पिशवी आता आजीबरोबर जाते.

परवा तपासणीला तिला घेऊन गेले होते. खिडकीतल्या मुलीने वर न पाहता विचारले, "नाव?" आजीने माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "कोणतं सांगू गं?"